बाबांचा वटवट्या

माझ्या बाबांना आयुष्यात एकच व्यसन लागलं आणि त्याचा त्रास आम्हा दोघींना झाला. दारू, पत्ते, रेस यांतलं काही असतं, तर आईला निदान चार बायकांत बसून रडता तरी आलं असतं. पण ‘माझा नवरा दर रविवारी उजाडायच्या आत उठतो आणि काटेरी झुडपांसमोर जाऊन उभा राहतो’ हे ती कुणाला आणि कोणत्या तोंडानं सांगणार? आमच्या मंडळातल्या बायकांचे नवरे रविवारी गाडी धुवायचे, गवत कापायचे, फार तर दुपारी टीव्हीसमोर डुलक्या काढायचे. आमचे बाबा दहा ग्रॅम वजनाच्या एका पक्ष्याच्या मागे लागले होते, आणि त्या पक्ष्याला त्यांना भेटायची अजिबात इच्छा नव्हती.

आम्ही तेव्हा ब्रॅकनेलच्या कडेला, एकसारख्या दिसणाऱ्या घरांच्या वसाहतीत राहत होतो. मी पंधरा वर्षांची होते, एकुलती एक, आणि स्वतःला फार शहाणी समजणारी. बाबा डॉक्टर होते. मंडळ म्हणजे आसपासची सात-आठ मराठी कुटुंबं. त्यांच्यात बाबांना ‘मोठे डॉक्टर’ म्हणायची पद्धत होती. हॉस्पिटलात मात्र ते म्हाताऱ्यांच्या वॉर्डवर होते, बारा वर्षं त्याच हुद्द्यावर. त्यांच्याकडून शिकून गेलेली पोरं कन्सल्टंट होऊन परत यायची आणि राउंडला बाबा त्यांच्यामागून फायली घेऊन चालायचे. हे बाबांनी मला कधी सांगितलं नाही. आई सांगायची, भांडी घासताना, अर्धं मला आणि अर्धं नळाला. बाबा त्या वेळी पुढच्या खोलीत दुर्बिणीच्या काचा पुसत बसलेले असायचे आणि त्यांना सगळं ऐकू जात असे, कारण त्यांचे कान विलक्षण तिखट होते.

रविवारचा छळ शनिवारी संध्याकाळीच सुरू व्हायचा. आई बटाट्याची पिवळी भाजी करून ठेवायची, कारण बाबांना विकतचं सँडविच चालायचं नाही. सकाळी त्या भाजीवर लिंबू पिळून ती लोणी लावलेल्या ब्रेडमध्ये भरायची, फॉइलमध्ये गुंडाळायची, थर्मासमध्ये आलं घातलेला चहा ओतायचा आणि हे सगळं एकही दिवा न लावता, कारण बाबांच्या मते दिव्यानं डोळे बिघडतात. ते मला उठवायला दबक्या आवाजात बोलायचे आणि तो दबका आवाज शेजारच्या घरापर्यंत पोचायचा. “शुभे, ऊठ. वारा पडलाय.” वारा पडला हे आमच्या घरात सण आल्यासारखं सांगितलं जायचं. वारा असला की हा पक्षी बाहेर येत नाही, पाऊस असला की येत नाही, आभाळ असलं की बहुतेक येत नाही. आणि इंग्लंडात या तिन्हींपैकी काहीच नाही असा रविवार वर्षातून किती वेळा उजाडतो, याचा हिशेब तुम्हीच करा. तरी आम्ही जायचोच. माझं गुलाबी अनोरॅक जाकीट पक्ष्याला खुपेल म्हणून त्यावर बाबांचं जुनं तपकिरी कार्डिगन चढवलं जायचं. शाळेतलं कुणी त्या वेशात मला बघेल या भीतीनं मी गाडीच्या मागच्या सीटवर आडवी पडून जायचे.

गावाच्या दक्षिणेला मोठी हीथ होती. हीथ म्हणजे माळच, पण आपल्यासारखा उघडा नव्हे. गुडघाभर उंचीची, जांभळ्या फुलांची हेदरची झुडपं आणि मधूनमधून माणसाच्या उंचीची गॉर्सची झुडपं. गॉर्सला पानांऐवजी काटेच असतात आणि त्या काट्यांत पिवळीधमक फुलं. ऊन पडलं की त्या फुलांना ओल्या नारळाचा वास येतो, अगदी आत्ता खवलेल्या. आई त्या एका वासासाठी आमच्याबरोबर येत असे. गाडीची काच दोन बोटं खाली करून ती आत स्वेटर विणत बसायची आणि दर दहा मिनिटांनी घड्याळ बघायची. “इथे कुणी नारळ खवतंय आणि आपण बटाटे खातोय,” असं ती एकदा म्हणाली होती. बाबा हसले नाहीत. त्यांचं लक्ष झुडपाकडे होतं.

या पक्ष्याचं इंग्रजी नाव डार्टफर्ड वॉर्बलर. बाबा त्याला वटवट्या म्हणत. बार्शीला त्यांच्या लहानपणी ज्वारीच्या बांधावरच्या झुडपात शेपटी वर करून फिरणारे वटवटे असत, हा तसाच दिसतो म्हणून. पाठ पाटीच्या दगडासारखी करडी, पोट वाइनसारखं लालसर, गळ्यावर पांढरे ठिपके, डोळ्याभोवती लाल कडं, आणि शरीराइतकीच लांब शेपटी सतत उभी. हे वर्णन मी बाबांच्या पुस्तकातून करतेय. पहिल्या वर्षभरात मी जे प्रत्यक्ष पाहिलं ते म्हणजे एका झुडपातून निघून दुसऱ्यात बुडणारी एक काळी रेघ. “दिसला?” “हो.” “शेपटी पाहिलीस?” “हो.” मी काहीही पाहिलेलं नसायचं. आजकाल माझा मुलगा फोनवर या पक्ष्याचे असे फोटो दाखवतो की त्याच्या पापण्या मोजाव्यात. मला ते फोटो बघून अजूनही चीड येते. एवढं सोपं होतं तर माझे रविवार कुठे गेले?

त्याच्या खोडी मात्र बाबांमुळे तोंडपाठ झाल्या. तो जमिनीलगत, झुडपाच्या पोटातच राहतो आणि तिथले कोळी, अळ्या खातो. गप्पीदास नावाचा एक धीट पक्षी झुडपाच्या शेंड्यावर बसून पहारा देतो, तर हा त्याच्या मागे मागे फिरतो. धोका दिसला की गप्पीदास ओरडतो आणि हा फुकटात सावध होतो. आणि सगळ्यात मोठी खोड म्हणजे थंडीत तो कुठेही जात नाही. त्याचे सगळे नातलग सप्टेंबरात आफ्रिकेला निघतात. हा इथेच, त्याच झुडपात, बर्फ पडलं तरी. आई म्हणायची, “तुमच्यासारखाच आहे हो. शहाणे सगळे गेले, हा आपला कुडकुडत बसलाय.” मंडळातले दोन डॉक्टर तोवर अमेरिकेला जाऊन मोठ्या घरांचे फोटो पाठवू लागले होते, त्यांना उद्देशून हे असे.

हीथची देखभाल मिस्टर हॅलम बघत. ते निवृत्त पोस्टमन होते. पगार न घेता काम करायचे आणि पगार घेणाऱ्यापेक्षा जास्त संशयी होते. बाबांना त्यांनी पहिल्यांदा झुडपाशी पाहिलं तेव्हा दुर्मिळ पक्ष्यांची अंडी पळवणारा चोर समजून खिसे दाखवायला लावले. खिशात चिवडा निघाला. बाबांनी तो त्यांना देऊ केला, त्यांनी खाल्ला, आणि तिथून त्यांची मैत्री सुरू झाली. हॅलमना वय झाल्यामुळे बारीक, चिरके आवाज ऐकू येत नसत, आणि वटवट्या दिसण्याआधी ऐकू येतो. बाबा कान टवकारून बोट करायचे, हॅलम वहीत लिहायचे. “व्हॉट डू यू थिंक, सदा?” असं ते विचारायचे आणि बाबा सांगतील ते न खोडता उतरवून घ्यायचे. दुसऱ्या वर्षी त्यांनी बाबांना फाटकाची किल्ली दिली. बाबांनी ती घराच्या किल्ल्यांबरोबर अडकवली. या देशात बाबांचं मत विचारून ते लिहून घेणारा तो एकच माणूस होता, हे मला आज दिसतं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसायचं की दोन म्हातारे एका झुडपाबद्दल कुजबुजताहेत आणि मला शी लागलीय.

त्या हिवाळ्यात बर्फ पडलं ते हललंच नाही. झुडपं दबून पांढरे ढीग झाले. बाबा ड्यूटी संपवून टायसकट हीथवर जायचे आणि आईनं इंडियातून हौसेनं आणलेल्या खराट्यानं गॉर्सवरचं बर्फ झाडायचे, पक्ष्याला आत शिरायला वाट राहावी म्हणून. खराट्याचे निम्मे हीर तिकडेच गळाले. आईनं त्यावरून दोन दिवस अबोला धरला. बर्फ गेल्यावर फेब्रुवारीच्या शेवटी मोजणी झाली. आदल्या वर्षी त्या भागात नऊ जोड्या होत्या, आता एक. एक नर, एक मादी, गाडीतळाजवळच्या जुन्या, दाट गॉर्समध्ये. त्या मोजणीसाठी पलीकडच्या कुंपणाशी उभं राहायला तिसरं माणूस हवं होतं. नेमका त्याच रविवारी माझ्या मैत्रिणीचा, जोअॅनचा, वाढदिवस होता आणि सगळ्याजणी आइस स्केटिंगला जाणार होत्या.

“बाबा, प्लीज. वर्षातून एकदा येतो तिचा बर्थडे.”

“शुभे, एकच जोडी राहिली असावी. तुझे डोळे चांगले आहेत.”

“मला तो दिसतच नाही कधी! मी खोटं सांगते तुम्हाला.”

“मग आता बघायला शिकशील,” ते शांतपणे म्हणाले. त्यांच्या शांतपणाचा मला संताप यायचा. मी चार तास कुंपणाशी उभी राहिले. सोमवारी शाळेत सगळ्याजणी स्केटिंगवरून हसत होत्या आणि मला कशावर हसायचं ते कळत नव्हतं.

आणि मग आली होळी. आमच्या मंडळाची होळी पौर्णिमेला नव्हे तर जवळच्या रविवारी, दुपारी तीन वाजता, खरेकाकांच्या मागच्या गार्डनमध्ये व्हायची. खरेकाका ब्रॅकनेलच्याच एका कॉम्प्युटर कंपनीत होते, आणि सणवार आला की त्यांच्या अंगात नाशिकच्या गल्लीतला पोरगा संचारायचा. आदल्या वर्षी त्यांनी बार्बेक्यूचे कोळसे आणि भाजीच्या दुकानामागची खोकी वापरली होती; नुसता धूर झाला आणि प्रसादाच्या पुरणपोळ्यांनाही त्याचा वास लागला. या वर्षी त्यांनी पण केला होता की होळी लाकडांची होईल आणि लाकडं चोरून आणायची. विकत आणलेल्या लाकडांची होळी ही काय होळी झाली? त्यात अडचण अशी की चोरायला सुकं लाकूड या देशात मार्चमध्ये नसतं. सगळं चिंब असतं.

शुक्रवारी त्यांचा फोन आला. बाबा वॉर्डवर, आई दुकानात. मी उचलला.

“शुभा, बाबा नाहीत का? अगं, मग तूच सांग. तुम्ही एव्हरी संडे त्या हीथवर जाता. ड्राय वुड मिळेल का गं तिथे? इकडे सगळं सोकिंग वेट आहे.”

“गॉर्सच्या आत असतं,” मी म्हटलं. “बाहेरून हिरवं दिसतं, पण जुनं झुडूप आतून वाळलेलं असतं. कितीही पाऊस पडला तरी आतलं ओलं होत नाही.” हे मला बाबांनीच शिकवलं होतं. म्हणून तर पक्षी तिथे तगतो.

“व्वा! आणि गाडी जवळ जाते का?”

गाडी जवळ जाईल असं दाट, जुनं झुडूप एकच होतं. ते कोणाचं घर आहे हे मला ठाऊक होतं. मला विसर पडला नव्हता, मी गोंधळले नव्हते, मी लहानही नव्हते. जाते, असं मी सांगितलं. एवढं एक वाक्य कागदावर लिहायला मला चाळीस वर्षं लागली.

शनिवारी दुपारी खरेकाका आणि मंडळातले आणखी दोघं करवत घेऊन आले आणि वाट दाखवायला मला पुढच्या सीटवर बसवून घेऊन गेले. तिघंही चाळिशीचे, पोट सुटलेले, आणि बोलणं असं दबून की जणू मागून शिपाई धावतोय. “हिरवं तोडू नका रे, फक्त सुकं,” खरेकाका बजावत होते. होळीला हिरवं झाड तोडायचं नाही हा नियम त्यांनी पाळला. पण आतलं सुकं काढायचं तर झुडूप फोडावं लागतं, हे करवत लावल्यावरच कळतं. काट्यांनी हात रक्ताळले तसे ते अधिकच खूश झाले. तेवढ्यात मला तो आवाज ऐकू आला: कुणी फणी नखानं ओढावी तसा, चर्र, चर्र, अगदी जवळून, थांबतच नव्हता. वर्षभर जो ऐकू यावा म्हणून बाबा माझा कान धरायचे, तो आवाज पहिल्यांदा मला स्पष्ट ऐकू आला. मी गाडीतला रेडिओ लावला.

रविवारी बाबा परस्पर वॉर्डवरून आले. आई आणि मी आधीच पोचलो होतो. आईनं पुरणपोळ्या, कटाची आमटी, कुरडया सगळं केलं होतं. पुरणात या वेळी जायफळ अगदी बरोबर पडलं होतं आणि ती त्या एका गोष्टीवर समाधानी होती. गार्डनच्या मधोमध लाकडं रचली होती. बाबा टाय सैल करत मागच्या दारातून बाहेर आले आणि पायरीवरच थांबले. मग पुढे होऊन त्यांनी एक फांदी उचलली. तिला अजून दोन पिवळी फुलं होती.

“हे कुठलं?”

“हीथवरचं!” खरेकाका अभिमानानं म्हणाले. “गाडीतळाजवळचं. तुमच्या शुभानं दाखवलं, डॉक्टर. हिरवं एकसुद्धा तोडलं नाही हां. सगळं मेलेलंच उचललं.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता सगळ्यांसमोर ओरडतील, आणि मला खरंच तसं हवं होतं. मी उत्तर तयार ठेवलं होतं, स्केटिंगपासून सगळं. पण ते फांदी परत ढिगावर ठेवून पूजेच्या ताटाकडे वळले. पूजा दर वर्षी त्यांच्याच हातून व्हायची, तशी झाली. त्यांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला, आई नैवेद्याचं ताट घेऊन शेजारी उभी राहिली आणि त्यांनी काडी ओढली. गॉर्स कसा पेटतो हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. तडतड करत ज्वाळा क्षणात डोक्यावर गेल्या, सगळे मागे पळाले, खरेकाकूंची प्लॅस्टिकची खुर्ची एका बाजूला वितळून बसली. पोरांनी तोंडावर हात आपटून बोंब ठोकली. दर वर्षी सगळ्यात मोठी बोंब बाबांची असायची, वॉर्डवरचा अख्खा वर्षाचा राग बाहेर पडावा तशी. या वर्षी त्यांचे हात खिशात होते.

सोमवारी सकाळी ते ड्यूटीआधी हॅलमकडे गेले. संध्याकाळी घरी आल्यावर किल्ल्यांचा जुडगा त्यांनी टेबलावर ठेवला तेव्हा त्यात फाटकाची किल्ली नव्हती.  एरवी नळाशी सगळं सांगणाऱ्या आईनं त्या दिवशी मुकाट्यानं भांडी घासली, ते मला विचित्र वाटलं.

त्यानंतरचे रविवार म्हणजे शिक्षाच होती. मला हवी होती तशी सकाळी उशिरापर्यंत झोप मिळाली, आणि बाबा घरी. त्यांनी ठिबकणारा नळ दुरुस्त केला आणि किचनमध्ये पाणी तुंबवलं. आईच्या मसाल्याच्या डब्यांना लेबलं लावून ते अ, आ, इ अशा क्रमानं मांडले. हळद आणि हिंग शेवटच्या फळीवर, जिरं मध्यावर, आणि दर फोडणीला आई सबंध मुळाक्षरं फिरून यायची. “अहो, जा ना तुम्ही तुमच्या त्या झुडपाकडे!” ती एकदा किंचाळली. बाबा म्हणाले, “वारा आहे.” बाहेर पान हलत नव्हतं.

एप्रिलच्या एका रविवारी दुपारी बेल वाजली. दारात हॅलम, बुटांना चिखल, टोपी हातात. आत या म्हटलं तरी ते पायरीवरच उभे राहिले.

“डॉक्टर,” ते म्हणाले. पूर्वी ते सदा म्हणायचे. “तिथे काहीतरी आहे, असं मला वाटतंय. शेंड्यावर हललं काहीतरी. पण माझे कान, तुम्हाला माहीतच आहे. येता का जरा?”

“सॉरी. आय अॅम ऑन कॉल,” बाबा म्हणाले.

ते ऑन कॉल नव्हते. अंगात गार्डनची मळकी पँट होती आणि हातात आईचा डबा. हॅलमनी मान हलवली, टोपी घातली आणि गेले. दार लागल्याबरोबर माझा तोल सुटला.

“बाबा, काय आहे हे? तो माणूस स्वतः आला होता! जिवंत असेल तो पक्षी! वर्षभर मला छळलंत त्याच्यासाठी आणि आता तुम्हीच जात नाही?”

“गेलो तर हॅलम मला झुडपाशी नेईल,” बाबा म्हणाले. “आणि तिथे उभं करून विचारेल की डॉक्टर, तुम्ही असं कसं केलंत? मला परत तेच खोटं बोलावं लागेल. एकदा जमलं. परत नाही जमणार.”

“कसलं खोटं?”

आईनं नळ बंद केला. “यांनी सांगितलंय त्याला की ‘जागा मीच दाखवली’. तिथे पक्षी आहे हे माझ्या ध्यानात राहिलं नाही, म्हणाले. हे! यांच्या ध्यानात राहिलं नाही!”

“पण का?”

बाबा हातातल्या डब्याचं लेबल चिकटवत राहिले. ओवा होता. मग म्हणाले, “तुला इथे राहायचंय, शुभा. कॉलेज, नोकरी, सगळं इथेच. तुझ्याबद्दल इथल्या माणसानं असं मत करून घ्यायला नको. माझं काय.” डबा फळीवर ठेवून ते वर निघून गेले.

मला त्या क्षणी त्यांचा जितका राग आला तितका आधी कधी आला नव्हता. ज्या एका माणसाकडे त्यांचा शब्द चालत होता, त्याच्याकडे जाऊन त्यांनी तो शब्द मोडला होता, माझ्यासाठी, मला न विचारता. मी सायकल काढली आणि हॅलमच्या घरी गेले. ते अंगणात बूट धूत होते. मी उभ्या उभ्या सांगितलं, इंग्रजीत, भरभर: मी दाखवलं, बाबा तेव्हा वॉर्डवर होते, त्यांना होळीच्या दिवशी कळलं.

“पक्षी त्यात आहे हे तुला माहीत होतं?”

“हो.”

त्यांनी पाणी बंद केलं. “तुझे वडील तू उभी आहेस तिथेच उभे राहून मला म्हणाले, विसरलो. तो माणूस आणि विसरतो! मला पटलं नव्हतं. पण दुसरं काय समजावं तेही कळेना, आणि मला फार राग आला होता.” ते आत गेले. बराच वेळ आले नाहीत. मला वाटलं, जा असा अर्थ असावा. मग बाहेर येऊन त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. “ही त्यांना दे. आणि रविवारी तूही यायचंस. गाडीत बसायचं नाही.” ते हसले नाहीत. माझ्याशी ते त्यानंतर कितीतरी महिने हसले नाहीत, आणि ते योग्यच होतं.

मला वाटलं होतं बाबा खूश होतील. किल्ली बघून ते भडकले. “कुणी सांगितलं होतं तुला? सगळं निस्तरलं होतं मी!” असे ओरडले की आई हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली. माझ्यावर ते मोठ्यानं ओरडले ते आयुष्यात तेवढंच. मग त्यांनी बूट शोधायला सुरुवात केली, आणि ते आईनं आदल्याच आठवड्यात शाळेच्या जुन्या वस्तूंच्या जंबल सेलला देऊन टाकले होते असं निघालं. त्यावरून पुन्हा भांडण झालं. रविवारी बाबा वॉर्डचे पॉलिशचे काळे बूट घालून हीथवर आले.

झुडपाचा अर्धा भाग उरला होता. उरलेल्या अर्ध्याच्या टोकाशी, करवतीनं उघडी पडलेली पांढरी खोडं दिसत होती तिथेच, तो बसला होता. लपलेला नव्हता. शेपटी वर, गळा फुगलेला, आणि चिरक्या, घाईच्या सुरात गात होता. मधेच हवेत उडायचा, नाचल्यासारखा गिरक्या घेत खाली यायचा, परत गायचा. मला त्याचे गळ्यावरचे ठिपके दिसले. बाबांनी डोळे मिटून ऐकलं. “नर,” ते हॅलमना म्हणाले. हॅलमनी विचारलं, “अँड द फीमेल, सदा?” बाबांनी आणखी बराच वेळ ऐकलं आणि नकारार्थी मान हलवली.

मग मे गेला, जून गेला. प्रत्येक रविवारी नर होता आणि मादी नव्हती. करवतीच्या गोंधळात ती उघड्यावर पडली की दुसरीकडे गेली की आधीच थंडीनं खंगलेली होती, ते कुणालाच ठरवता आलं नाही, आणि बाबांनी ठरवायचा प्रयत्न माझ्यासमोर केला नाही. हॅलमनी सांगितलं की या जातीचा नर वसंतात आधी एकट्यानंच कच्ची घरटी बांधतो, मादीला दाखवायला. ती आली आणि एखादं पसंत पडलं तर पुढचं दोघं मिळून करतात. आमच्या नरानं त्या उन्हाळ्यात चार बांधली. चौथं बांधायला घेतलं तेव्हा जुलै उजाडला होता, हेदरला जांभळा रंग चढत होता आणि आजूबाजूच्या इतर पक्ष्यांची पिल्लं उडायलाही लागली होती.

“बाबा,” मी म्हटलं, “याला कळत नाही का, कुणी येणार नाहीये ते?”

“कळत असेल,” बाबा दुर्बिणीतून न हलता म्हणाले. “पण त्याला दुसरं काय येतं?”

तो चोचीत कोळ्याच्या जाळ्याचा एवढासा पुंजका घेऊन झुडपात उतरला. मला तिथेच रडू फुटलं, मोठ्यानं, सगळे नियम मोडून. बाबांनी दुर्बीण खाली केली नाही. मोकळ्या हातानं खिशातला रुमाल काढून त्यांनी तो माझ्यापुढे धरला, आणि मी घेईपर्यंत तसाच धरून ठेवला.